टॉपमध्ये दोन हजार जीबी, यंत्रात बत्तीस: पोस्टग्रेसची मेमरी मोजायची कशी?

काटापट्टी (प्रश्न)

नमस्कार. जळगाव येथे कापूस खरेदी आणि जिनिंगचे काम करणाऱ्या एका व्यवसायाची संगणकव्यवस्था मी सांभाळतो. चोपडा, धरणगाव, पारोळा, शिरपूर आणि दोंडाईचा येथील खरेदी केंद्रांवर वजनकाट्याशेजारी ठेवलेले संगणक जळगावच्या सर्व्हरशी जोडलेले आहेत, आणि गाडी काट्यावर चढली की भरलेल्या व रिकाम्या गाडीचे वजन, कापसातील ओलावा, ठरलेला भाव व शेतकऱ्याचे खाते अशी सर्व नोंद थेट पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये होते. सर्व्हरला ३२ जीबी रॅम असून त्यावर उबुंटू २२.०४ आणि पोस्टग्रेस १५ आहे. सॉफ्टवेअरचा जावा सर्व्हरही त्याच यंत्रावर ४ जीबी हीप (स्वतःच्या कामाची मेमरी) घेऊन चालतो.

दिवाळीनंतर आवक वाढली तशी कामाची गती मंदावली, म्हणून सॉफ्टवेअर पुरवणाऱ्यांनी काही आकडे बदलून दिले. शेअर्ड बफर्स (सामाईक मेमरी) १२८ एमबीवरून १२ जीबी, वर्क मेम (क्रम लावण्यासारख्या कामांची मेमरी) ४ एमबीवरून ६४ एमबी आणि मॅक्स कनेक्शन्स (कमाल जोडण्या) १०० वरून ४००. त्यानंतर दोन आठवडे सारे सुरळीत होते. गेल्या शनिवारी संध्याकाळी मात्र शेतकऱ्यांच्या चुकाऱ्यांचा साप्ताहिक हिशेब काढण्याचे काम एकाच वेळी बारा जणांनी सुरू केले आणि पाचही केंद्रांवरची जोडणी एका क्षणात तुटली. लॉगमध्ये एक सर्व्हर प्रोसेस सिग्नल ९ ने संपल्याची, त्यामागोमाग उरलेल्या सर्व प्रोसेसेस बंद केल्याची आणि नंतर डेटाबेस रिकव्हरीत असल्याची नोंद आहे. चार मिनिटांनी सर्व पूर्ववत झाले. तोवर काट्यांवर बैलगाड्या आणि ट्रॅक्टर यांची रांग रस्त्यापर्यंत गेली होती.

आता माझा गोंधळ असा आहे. टॉप या आज्ञेत पाहिले तर पोस्टग्रेसच्या सुमारे २२० प्रोसेसेस दिसतात आणि बहुतेक प्रत्येकीपुढे ९ जीबीच्या आसपास मेमरी दाखवली जाते. गुणाकार केला तर जवळजवळ दोन हजार जीबी होतात, जे ३२ जीबीच्या यंत्रात शक्यच नाही. दुसरीकडे फ्री या आज्ञेत बफ-कॅश या स्तंभाखाली १६ जीबी दिसतात आणि पुरवठादार म्हणतात की तेवढी जागा वेळ पडल्यास मोकळी होणारीच आहे, तेव्हा काळजी नको. तरीही आणखी ३२ जीबी रॅम घ्या, असेही तेच म्हणतात. या आकड्यांपैकी खरा कोणता? आणि एक प्रोसेस मारली गेली म्हणून बाकीच्या २१९ जणींना शिक्षा कशासाठी?

केळीबाग (उत्तर)

भाऊ, आपला पहिला प्रश्न मला दोन वर्षांपूर्वी पडला होता, आणि त्याचे उत्तर मला संगणकापेक्षा सातबाऱ्यामुळे लवकर समजले, म्हणून त्याच वाटेने सांगते.

आमच्या भागात वाटणी झाली तरी विहीर बहुधा सामाईकच राहते. चार भावांच्या चार सातबाऱ्यांवर त्याच विहिरीची नोंद असते. एखाद्या अनोळखी माणसाने चारही उतारे हातात घेऊन विहिरी मोजल्या तर त्याला चार विहिरी सापडतील, पण शेतात जाऊन पाहिले तर एकच. टॉपमधील तो ९ जीबीचा आकडा नेमका असाच आहे. पोस्टग्रेस सुरू होताना शेअर्ड बफर्सएवढा एक सामाईक मेमरीचा पट्टा एकदाच मागून घेते, आणि पुढे प्रत्येक नव्या जोडणीसाठी जी स्वतंत्र प्रोसेस जन्माला येते ती तोच पट्टा आपल्या पत्त्यांच्या नकाशात जोडून घेते. त्या प्रोसेसने पट्ट्यातील जेवढ्या पानांना आजवर हात लावला असेल तेवढी पाने तिच्या रेस (रॅममधील मेमरी) या स्तंभात धरली जातात, मग तीच पाने आणखी दोनशे जणींच्या नावावर असली तरी. म्हणूनच नुकत्याच जोडलेल्या प्रोसेसपुढे आकडा लहान दिसतो आणि सकाळपासून चालू असलेल्या प्रोसेसपुढे तो फुगत फुगत ९ जीबीपर्यंत जातो. यात गळती काही नाही. टॉपमध्येच शेजारी एसएचआर नावाचा स्तंभ असतो; रेसमधून तो वजा केला की त्या प्रोसेसची खासगी मेमरी ढोबळमानाने कळते. आपल्याकडे ती बहुधा प्रत्येकी ५ ते १५ एमबी निघेल.

हिस्सेवारीने अचूक आकडा हवा असेल तर प्रोक या फोल्डरमध्ये प्रत्येक प्रोसेसच्या क्रमांकाखाली स्मॅप्स-रोलअप नावाची फाइल असते आणि तिच्यात पीएसएस ही ओळ असते. एखादे पान २०० प्रोसेसेस वापरत असतील तर प्रत्येकीच्या खात्यावर त्या पानाचा दोनशेवा भाग मांडला जातो, म्हणजे सातबाऱ्यावर विहिरीपुढे चार आणे हिस्सा लिहावा तसे. सर्व प्रोसेसेसच्या पीएसएसची बेरीज खरी असते. मात्र दर मिनिटाला ती काढत बसू नका, कारण ही फाइल वाचताना कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, त्या प्रोसेसचा सगळा नकाशा चालून जावा लागतो आणि २२० मोठ्या प्रोसेसेसवर ते काम हलके नाही.

बफ-कॅशबद्दल पुरवठादारांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे आणि उरलेले अर्धे धोक्याचे आहे. लिनक्स डिस्कवरून वाचलेल्या फाइलींची पाने मोकळ्या रॅममध्ये ठेवते आणि गरज पडली की टाकून देते, हे खरे. परंतु पोस्टग्रेसचा सामाईक पट्टाही कर्नलच्या हिशेबात त्याच कॅशच्या रकान्यात मोडतो, आणि तो टाकून देता येत नाही. त्याला फार तर स्वॅपमध्ये, म्हणजे डिस्कवरच्या राखीव जागेत, ढकलता येते. आपल्या १६ जीबीपैकी १२ जीबी हा पट्टाच असणार. फ्रीमधला शेअर्ड हा स्तंभ आणि प्रोकमधल्या मेमइन्फो या फाइलीतली एसएचमेम ही ओळ पाहा, तिथे हा आकडा मिळेल. त्यामुळे बफ-कॅशकडे न पाहता अव्हेलेबल या शेवटच्या स्तंभाकडे पाहावे, कारण तो काढताना ही वजाबाकी केलेली असते.

काटापट्टी

ताई, मनापासून आभार. आपण सांगितल्याप्रमाणे आज दुपारी, काटे चालू असताना, आकडे घेतले. शेअर्ड ११.९ जीबी आहे, म्हणजे आपला अंदाज बरोबर निघाला. अव्हेलेबल ५ जीबीच्या आत आहे. प्रत्येक प्रोसेसची खासगी मेमरी सरासरी १० एमबी भरली. पण बेरीज अजून जुळत नाही. पट्टा १२, जावा ४, खासगी मेमरी २२० गुणिले १० म्हणजे सुमारे २.२ जीबी, एकूण १८ च्या थोडे वर. मोकळी व मोकळी होऊ शकणारी जागा धरली तरी सुमारे ९ जीबींचा पत्ता लागत नाही. मेमइन्फोमध्ये पेजटेबल्स या ओळीपुढे सुमारे ४० लाख केबी दिसतात. हे काय प्रकरण आहे?

पांझराकाठ (उत्तर)

आपण स्वतःच उत्तर शोधून काढले आहे, फक्त त्याचे नाव विचारता आहात. ते ४० लाख केबी म्हणजेच तुमच्या हरवलेल्या ९ जीबींपैकी जवळजवळ ४; उरलेले कर्नल, जावाची हीपबाहेरची मेमरी आणि बाकीच्या प्रोसेसेस यांत जातात.

विहीर सामाईक असली तरी विहिरीपर्यंतची पायवाट प्रत्येकाची वेगळी असते. सामाईक पट्ट्यातील पाने एकदाच रॅममध्ये असतात हे खरे, पण कोणते पान रॅममध्ये कुठे आहे हे सांगणारी कोष्टके, म्हणजे पेज टेबल्स, प्रत्येक प्रोसेसला स्वतंत्र ठेवावी लागतात. साधे पान ४ केबीचे असते आणि त्याच्या नोंदीला ८ बाइट लागतात. एका प्रोसेसने ९ जीबीला हात लावला असेल तर २३ लाख ५९ हजारांहून अधिक पाने झाली आणि नुसत्या नोंदींसाठी १८ एमबी गेले. एका प्रोसेससाठी १८ एमबी म्हणजे काहीच नाही असे वाटते, पण २२० जणींचे मिळून ३९६० एमबी होतात. पूर्ण १२ जीबीला सगळ्यांनी हात लावला तर हाच आकडा ५२८० एमबी होईल. हा खर्च कोणत्याही प्रोसेसच्या रेसमध्ये दिसत नाही, म्हणून तो अनेक वर्षे ध्यानात न येता राहू शकतो. शेअर्ड बफर्स तिप्पट केले आणि जोडण्या दुप्पट केल्या तर हा खर्च सहापट होतो, हे आकडे बदलून देणाऱ्यांनी सांगायला हवे होते.

यावर उपाय ह्यूज पेजेसचा आहे. एक्स-८६ यंत्रांवर हे पान २ एमबीचे असते, म्हणजे १२ जीबीला ६१४४ पानेच पुरतात आणि नोंदींचा खर्च प्रोसेसमागे पन्नास केबींच्या आत येतो. पोस्टग्रेसमध्ये ह्यूज पेजेसचे मूळ मूल्य ट्राय असे आहे. याचा अर्थ ते मागून पाहते, आणि कर्नलमध्ये तशी पाने राखून ठेवलेली नसतील तर निमूटपणे ४ केबीच्या पानांवर चालू लागते. हा निमूटपणा मला स्वतःला आवडत नाही. माझ्या मते मूल्य ऑन करावे, म्हणजे पाने कमी पडली तर सर्व्हर सुरूच होणार नाही आणि चूक तिथल्या तिथे कळेल. किती पाने राखायची हे आवृत्ती १५ पासून पोस्टग्रेस स्वतःच सांगते. सर्व्हर बंद असताना पोस्टग्रेस या आज्ञेला मोठ्या सी च्या पर्यायासह शेअर्ड मेमरी साइझ इन ह्यूज पेजेस हे मूल्य विचारावे. ट्रान्स्परंट ह्यूज पेजेस नावाची दुसरी सोय असते, तिच्याशी याची गल्लत करू नये.

आता शनिवारच्या घटनेकडे वळतो, कारण ती पेज टेबल्समुळे एकट्याने घडलेली नाही. वर्क मेम हा आकडा एका जोडणीसाठी नसतो, एका क्वेरीसाठीही (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नासाठीही) नसतो. क्वेरीच्या आराखड्यातील प्रत्येक सॉर्ट (क्रम लावणे) आणि प्रत्येक हॅश (कोष्टके जुळवण्याचा तात्पुरता तक्ता) यांना तो स्वतंत्रपणे मिळतो. त्यातही आवृत्ती १५ पासून हॅश मेम मल्टिप्लायर मुळातच २ असल्याने हॅशला तुमच्या ६४ एमबीऐवजी १२८ एमबीपर्यंत मुभा आहे. चुकाऱ्यांच्या हिशेबात काटापट्टी, खाते, भाव आणि उचल अशी चार कोष्टके जोडली जात असतील तर तीन हॅश आणि एक सॉर्ट धरा. तीन गुणिले १२८ अधिक ६४, म्हणजे ४४८ एमबी. समांतर क्वेरीत मूळ प्रोसेससोबत आणखी दोन कामगार प्रोसेसेस घेतल्या जातात, म्हणजे तिप्पट, १३४४ एमबी. बारा जण एकदम बसले तर १६ हजार एमबींच्या वर. तुमच्याकडे शिल्लक ५ जीबीसुद्धा नव्हती.

जुना डीबीए, भुसावळ (उत्तर)

पांझराकाठ यांच्या उत्तरातील पेज टेबल्सचा भाग उत्तम आहे, परंतु शेवटच्या गुणाकारात एक दुरुस्ती करतो, कारण चुकीच्या आकड्यावरून माणूस गरजेपेक्षा अधिक घाबरतो. एका क्वेरीला दोन कामगार हे मूळ मूल्य बरोबर आहे, पण साऱ्या सर्व्हरवर मिळून समांतर कामगारांची कमाल मर्यादा मुळात ८ आहे. बारा जणांना चोवीस कामगार मिळणारच नाहीत. बारा मूळ प्रोसेसेस आणि आठ कामगार, मिळून वीस. वीस गुणिले ४४८ म्हणजे ८९६० एमबी, पावणेनऊ जीबी. तेही प्रत्येक हॅश काठोकाठ भरला तर. आता सगळी बेरीज मांडा: पट्टा १२, पेज टेबल्स ३.९, जावाची हीप ४, खासगी २.२ आणि हे पावणेनऊ, मिळून ३०.८५ जीबी. त्यात जावाची हीपबाहेरची मेमरी, स्वतः कर्नल आणि बाकीची किरकोळ मंडळी आली की ३२ चे कुंपण ओलांडले जाते. शनिवारी तेच झाले, आणि मेमरी संपताच कर्नलने एक प्रोसेस मारली.

मी जेव्हा हे काम शिकलो तेव्हा पोस्टग्रेसचा सामाईक पट्टा सिस्टिम फाइव्ह पद्धतीने घेतला जाई आणि कर्नलमधील एसएचएममॅक्स हा आकडा वाढवल्याशिवाय सर्व्हर उभाच राहत नसे. २०१३ मध्ये आलेल्या ९.३ आवृत्तीपासून पट्टा एममॅप पद्धतीने घेतला जाऊ लागला आणि ती कटकट संपली. मात्र जुन्या अडथळ्याचा एक फायदा होता. मोठा आकडा लिहिण्यापूर्वी माणसाला दोनदा विचार करावा लागत असे. हल्ली १२ जीबी लिहिले की १२ जीबी मिळतात.

एकीला मारले म्हणून सगळ्यांना शिक्षा का, हा प्रश्न कोणी हाताळला नाही. सिग्नल ९ म्हणजे प्रोसेसला आवराआवर करायलाही वेळ न देता संपवणे. ती प्रोसेस त्या क्षणी सामाईक पट्ट्यातील एखाद्या पानात अर्धवट लिहीत असू शकते, किंवा एखादे कुलूप तिच्या हातात असू शकते. सर्वांवर देखरेख करणाऱ्या पोस्टमास्टर प्रोसेसला हे तपासण्याचा कोणताही मार्ग नाही. म्हणून ती पट्ट्यावर विश्वास ठेवणेच सोडते, बाकीच्या सर्वांना बाहेर काढते, पट्टा नव्याने मांडते आणि शेवटच्या चेकपॉइंटपासून (बदल डिस्कवर पोचल्याच्या खुणेपासून) वॉल, म्हणजे बदलांची नोंदवही, वाचून डेटा पूर्वपदाला आणते. तुमची चार मिनिटे त्यात गेली. सामाईक विहिरीत कोणी काय टाकले ते कळत नसेल तर पाणी उपसून टाकणे हाच शहाणपणा असतो. नोंद झालेली एकही काटापट्टी यात गेली नसणार. मध्येच अर्धवट राहिलेले व्यवहार तेवढे रद्द झाले असतील.

हे टाळण्यासाठी कर्नलमध्ये ओव्हरकमिट मेमरी हे मूल्य २ करण्याची शिफारस पोस्टग्रेसच्या दस्तऐवजातच आहे. मूळ स्थितीत लिनक्स मागणाऱ्याला सढळपणे हो म्हणते आणि प्रत्यक्ष द्यायची वेळ आली की कोणाचा तरी बळी घेते. मूल्य २ केले की मागतानाच नाही म्हटले जाते. त्या एका क्वेरीला मेमरी अपुरी असल्याची चूक मिळते आणि बाकीचे २१९ कामात राहतात. मात्र मर्यादा स्वॅप अधिक रॅमचे ५० टक्के अशी मुळात ठरलेली असते, आणि ह्यूज पेजेससाठी राखलेली रॅम या हिशेबाबाहेर ठेवली जाते. जावासारखा शेजारी त्याच यंत्रावर असताना हा आकडा न तपासता बदलला तर मेमरी पडून असतानाही नकार येऊ लागतील. आधी जावा दुसऱ्या यंत्रावर न्या, मग याला हात लावा, असे माझे मत आहे.

शेअर्ड बफर्सबाबत दस्तऐवज असे सांगतो की फक्त डेटाबेससाठी असलेल्या यंत्रावर रॅमच्या २५ टक्क्यांपासून सुरुवात करावी, आणि ४० टक्क्यांच्या पुढे गेल्याने लाभ होण्याची शक्यता कमी असते. तुमचे १२ जीबी म्हणजे ३७.५ टक्के, कागदावर बरोबर. पण तुमचे यंत्र फक्त डेटाबेससाठी नाही, ही अट वाचायची राहून गेली.

केळीबाग

दादांच्या शेवटच्या मुद्द्याला जोडून थोडे सांगते. २५ टक्केच का, असा प्रश्न आमच्याकडे मायएसक्यूएल वापरणारी मंडळी नेहमी विचारतात, कारण त्यांच्याकडे इनोडीबी या साठवण यंत्रणेच्या बफर पूलला स्वतंत्र यंत्रावर ८० टक्क्यांपर्यंत रॅम देण्याची पद्धत आहे. दोन्ही सल्ले आपापल्या जागी योग्य आहेत. पोस्टग्रेस फाइली कर्नलच्या कॅशमधून वाचते, त्यामुळे तेच पान कर्नलकडे एकदा आणि सामाईक पट्ट्यात एकदा असे दोनदा रॅममध्ये असू शकते. पट्टा खूप मोठा केला तर कर्नलच्या कॅशला जागा उरत नाही आणि दुहेरी साठवण मात्र वाढते. इनोडीबीला ओ-डायरेक्ट पद्धत देऊन कर्नलची कॅश टाळता येते, म्हणून सगळी रॅम आपल्याच पूलमध्ये ठेवणे त्याला परवडते. शिवाय मायएसक्यूएल ही एकच प्रोसेस असून प्रत्येक जोडणी तिच्यातील एक थ्रेड असते. सगळे एकाच घरात राहत असल्याने पायवाटही एकच, म्हणून पेज टेबल्सचा हा गुणाकार तिथे होत नाही.

ओरॅकलवाले याच गोष्टींना एसजीए आणि पीजीए म्हणतात. सामाईक ते पहिले आणि खासगी ते दुसरे. त्यांच्या १२सी आवृत्तीपासून सर्व खासगी मेमरीच्या बेरजेवर कमाल मर्यादा घालता येते. पोस्टग्रेसमध्ये अशी एकत्रित मर्यादा नाही, आणि मला हा तिचा सर्वांत मोठा उणेपणा वाटतो. वर्क मेम हा प्रत्येकाच्या हातातला चमचा किती मोठा ते ठरवतो. पंगतीला किती जण बसले ते तो पाहत नाही.

आपण आकडे बदललेच तर इफेक्टिव्ह कॅश साइझकडेही लक्ष द्या. या नावामुळे पुष्कळांना वाटते की तेवढी मेमरी घेतली जाते. एक बाइटही घेतली जात नाही. पट्टा आणि कर्नलची कॅश मिळून साधारण किती डेटा रॅममध्ये सापडेल, याचा तो प्लॅनरला (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणाऱ्या भागाला) दिलेला अंदाज आहे, आणि त्यावरून इंडेक्स वापरायचा की पूर्ण कोष्टक वाचायचे हे ठरते.

काटापट्टी

एक शंका. चुकाऱ्यांचा हिशेब काढताना दोन हंगामांचे काटापट्टीचे कोष्टक पूर्ण वाचले जाते आणि ते पट्ट्यापेक्षा मोठे आहे. त्यामुळे काट्यावर लागणारी रोजची पाने पट्ट्यातून बाहेर फेकली जात नाहीत का? पट्टा कमी करायला मला हीच भीती वाटते.

पांझराकाठ

ही भीती बाळगू नये. पट्ट्याच्या चौथ्या भागापेक्षा मोठे कोष्टक सलग वाचायचे असेल तर पोस्टग्रेस त्यासाठी फक्त २५६ केबींचे एक छोटे रिंगण वापरते आणि त्यातच पाने फिरवते, त्यामुळे एका अहवालाने सगळा पट्टा धुऊन निघत नाही. शिवाय प्रत्येक पानाला वापराचा ० ते ५ असा गुण असतो. जागा हवी झाली की घड्याळाच्या काट्यासारखा एक फेरा पानांवरून फिरतो, प्रत्येकाचा एक गुण कमी करतो आणि शून्यावर आलेले पान उचलतो. शेतकऱ्यांच्या खात्यांचा इंडेक्स दिवसभर वापरला जात असेल तर त्याचे गुण पाचच्या जवळ राहतात. खात्री करायची असेल तर पीजी-बफरकॅश हे एक्स्टेन्शन बसवून कोणत्या कोष्टकाची किती पाने कोणत्या गुणावर आहेत ते पाहा. पट्ट्यातील निम्म्याहून अधिक पाने ० किंवा १ वर असतील तर पट्टा गरजेपेक्षा मोठा आहे असे मी समजतो.

खरा प्रश्न २२० जोडण्यांचा आहे, आणि त्यावर पुरेसे बोलणे झालेले नाही. पाच केंद्रांवर मिळून एका क्षणी खरोखर काम करणाऱ्या जोडण्या किती असतील? गाडी काट्यावर चढते, उतरते, पावती निघते. मधली मिनिटे जोडणी नुसती उघडी बसलेली असते. पीजी-स्टॅट-अ‍ॅक्टिव्हिटीमध्ये, म्हणजे चालू जोडण्यांच्या यादीत, आयडल (रिकाम्या बसलेल्या) किती आहेत ते मोजा. माझा अंदाज आहे की अ‍ॅक्टिव्ह दहासुद्धा नसतील. आमच्या साक्री भागात पांझरेवर फड पद्धतीची जुनी पाटबंधारे व्यवस्था आहे. तिथे प्रत्येक शेतकरी आपल्यासाठी वेगळा पाट खणत नाही. पाटकरी एकाच पाटाचे पाणी पाळीपाळीने वळवतो. पीजीबाउन्सर हा जोडण्या वाटून देणारा मध्यस्थ प्रोग्रॅम हे काम करतो. त्याला ट्रान्झॅक्शन पद्धतीवर ठेवले तर केंद्रांना २२० जोडण्या उघड्या दिसतील, पण पोस्टग्रेसपर्यंत तीस-चाळीसच पोहोचतील, आणि व्यवहार संपला की जोडणी पुढच्याला मिळेल. पेज टेबल्स आणि खासगी मेमरी हे दोन्ही खर्च त्याच प्रमाणात उतरतील.

एक सावधगिरी मात्र हवी. ट्रान्झॅक्शन पद्धतीत पुढचा व्यवहार त्याच प्रोसेसकडे जाईल याची शाश्वती नसते, म्हणून व्यवहार संपल्यावरही टिकणारी तात्पुरती कोष्टके, सेशनभर धरलेली अ‍ॅडव्हायझरी कुलुपे आणि लिसन (डेटाबेसकडून सूचना ऐकण्याची आज्ञा) यांवर चालणारे प्रोग्रॅम बिघडतात. प्रिपेअर्ड स्टेटमेंट्सची (आधीच तयार करून ठेवलेल्या क्वेरींची) अडचण २०२३ मधील १.२१ आवृत्तीपासून बरीच सुटली आहे, तेव्हा त्याहून जुनी आवृत्ती घेऊ नका.

जुना डीबीए, भुसावळ

सहमत आहे. वर्क मेमबद्दल एवढेच की ते सर्वांसाठी ८ एमबी ठेवा आणि अहवाल काढणाऱ्या रोलपुरते (डेटाबेसच्या वापरकर्त्यापुरते) ६४ करा. अल्टर रोल या आज्ञेने ते होते. लॉग टेम्प फाइल्स चालू केले की कोणती क्वेरी मेमरी अपुरी पडून डिस्कवर उतरते ते लॉगमध्ये दिसेल, म्हणजे अंदाजाने आकडे वाढवावे लागणार नाहीत. आणि हे सगळे कामाच्या दिवशी करू नका. काटे बंद असतील तो दिवस निवडा, कारण शेअर्ड बफर्स आणि ह्यूज पेजेस बदलायला सर्व्हर पूर्ण थांबवून पुन्हा सुरू करावा लागतो. यंत्र बरेच दिवस चालू असेल तर मेमरीचे तुकडे झाल्यामुळे सलग २ एमबीची पाने पुरेशी मिळत नाहीत. तेव्हा यंत्रच पुन्हा सुरू करणे सोपे पडते.

काटापट्टी

सर्वांच्या सूचनांप्रमाणे रविवारी बदल केले. शेअर्ड बफर्स ८ जीबी, ह्यूज पेजेस ऑन आणि कर्नलमध्ये थोडी अधिकची धरून ४३०० पाने राखली. वर्क मेम सर्वांसाठी ८ एमबी आणि हिशेबाच्या रोलसाठी ६४. पीजीबाउन्सर बसवून पोस्टग्रेसच्या जोडण्या ४० वर आणल्या. बदलापूर्वी मोजले तेव्हा भर दुपारी अ‍ॅक्टिव्ह जोडण्या ७ होत्या आणि दोनशेहून अधिक आयडल, म्हणजे पांझराकाठ यांचा अंदाज खरा निघाला. पेजटेबल्सची ओळ आता दीड लाख केबींच्या आत राहते. ओव्हरकमिटला अजून हात लावलेला नाही. जावासाठी जुन्या कार्यालयातील एक यंत्र मोकळे होणार आहे, त्यानंतर पाहीन.

एका गोष्टीने मात्र सोमवारी सकाळी घाम फोडला. टॉपमध्ये पोस्टग्रेसच्या प्रोसेसेस ९ जीबींवरून एकदम काही दहा एमबींवर आल्या आणि फ्रीमध्ये यूज्ड हा आकडा आठ जीबींहून अधिक वाढलेला दिसला. मेमरी कमी करायला गेलो आणि वाढवून बसलो की काय, असे आमच्या मालकांनी विचारले, आणि दहा मिनिटे मलाही उत्तर देता आले नाही.

केळीबाग

दोन्ही बदल एकाच कारणाने झाले आहेत. राखून ठेवलेली ह्यूज पेजेस रेसमध्ये धरली जात नाहीत, म्हणून टॉपमधील आकडे ओसरले. पीएसएसमध्येही ती धरली जात नाहीत, तेव्हा पूर्वी सांगितलेली ती बेरीज यापुढे पट्टा वगळूनच येईल हे लक्षात ठेवा. आणि तोच पट्टा पूर्वी बफ-कॅशमध्ये दिसत होता, तो आता तिथून उठून यूज्डमध्ये आला. मालकांना अव्हेलेबलचा स्तंभ दाखवा. मागच्या आठवड्याशी तुलना केली की त्यांचे समाधान होईल.

काटापट्टी

दाखवला. त्याच वेळेला मागच्या आठवड्यात ५ जीबींच्या आत होता, आता १४ च्या पुढे आहे. रॅमची खरेदी तूर्त थांबली. शनिवारचा हिशेब बारा जणांनी पुन्हा एकदमच काढला आणि कोणतीही जोडणी तुटली नाही.

दोंडाईचाच्या केंद्राची तेवढी अडचण राहिली आहे. तिथला वजनकाट्याचा जुना प्रोग्रॅम प्रत्येक गाडीसाठी तात्पुरते कोष्टक तयार करतो आणि रिकाम्या गाडीचे वजन होईपर्यंत ते धरून ठेवतो, त्यामुळे पीजीबाउन्सरमधून गेल्यावर भरलेल्या गाडीचे वजन त्याला सापडेनासे झाले. त्या केंद्राचे चार संगणक सध्या थेट पोस्टग्रेसला जोडून दिले आहेत, आणि प्रोग्रॅम दुरुस्त होईपर्यंत, म्हणजे बहुधा हंगाम संपेपर्यंत, ते तसेच राहतील.